बी, बे की हा

चर्चच्या मागच्या खोलीत हीटर घुरघुरतो आहे आणि ऋजुता बाकावर स्वतःचाच कोट पांघरून आडवी झाली आहे. कार्यक्रम चारला आहे, आत्ता कुठे दोन वाजतायत. तिच्या छातीवर स्वरलिपीची वही आणि कानामागे पेन्सिल. दहा वर्षांपूर्वी ती सांगलीहून झुरिकला व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य, शिकायला आली, तेव्हा ब्रेनवाल्ड सरांनी पहिल्याच दिवशी पेन्सिल तिथे खोचायला लावली. सर मोठे संगीतकार, पण पेन्सिलीवाचून आलेल्या विद्यार्थ्याला दारातूनच परत पाठवायचे.

वहीत सरांची अखेरची रचना आहे, आज चारला वाजवायची. एकट्या व्हायोलासाठी, आणि खरं तर एकट्या ऋजुतासाठी. सरांचा हात कापायचा, त्यामुळे प्रत्येक खूण थरथरलेली. पाच रेघांवरचं रचनेचं शेवटचं घर सरांनी रिकामंच सोडलं. तीन आठवड्यांपूर्वी सरांनी हॉस्पिटलमधून फोन केला तेव्हा ऋजुता एका ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला, हातात नंबरचा कागद घेऊन उभी होती. सरांना धाप लागली होती. "बी... बी..." एवढंच तिला ऐकू आलं. "लिहून घेते सर. माझा नंबर आलाय, शनिवारी येतेच," असं म्हणून तिने फोन ठेवला. तिला नोकरी मिळाली. सर शुक्रवारीच गेले.

तेव्हापासून तो बी तिचा पिच्छा सोडत नाही. जर्मन बोलणाऱ्या या लोकांच्यात शुद्ध निषादाला 'हा' म्हणतात आणि कोमल निषादाला 'बे'. इंग्रजी शाळेत शिकलेली ऋजुता पहिल्या वर्षी 'बे' ऐकून बिनदिक्कत शुद्ध निषाद वाजवायची आणि सर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसायचे. पण 'बी'? इंग्रजीतला बी म्हणजे शुद्ध निषाद. मात्र सरांनी जन्मात कधी स्वराचं इंग्रजी नाव घेतलं नाही, मग मरताना कशाला घेतील? तिने तिथे शुद्ध निषाद लिहिला आहे. वाजवला की मन खातं, म्हणून ती खोडते, आणि पुन्हा तोच लिहिते. विचार करता करता तिचा डोळा लागतो.

ती वर्गात आहे. खिडकीबाहेर कृष्णेचा घाट, आणि पाण्यावरून निळी ट्राम सावकाश चालली आहे. ऋजुताला त्याचं काही वाटत नाही. वर्गाच्या मधोमध पडदा आहे, ऑडिशनला असतो तसा. वाजवणाऱ्याचा चेहरा परीक्षकांना दिसू नये म्हणून. पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय, अडखळत. तो श्वास तिच्या ओळखीचा आहे.

"सर?"

"पेन्सिल आणलीस?"

"आणलीय."

"मग बस."

ती बसते. खाली वर्गाची लाकडी जमीन होती, आता हॉस्पिटलची फरशी आहे, थंडगार. पडद्याखालून सरांचा म्हातारा कुत्रा वाल्डी नाक बाहेर काढतो, तिचा वास घेतो आणि तिच्याकडे यायला धडपडत उठतो.

"ब्लीब," सर त्याला म्हणतात. "ब्लीब नो."

वाल्डी मुकाट्याने खाली बसतो.

सर सगळ्यांशी स्वच्छ पुस्तकी जर्मन बोलायचे. गावाकडची बोली फक्त बहिणीसाठी आणि कुत्र्यासाठी राखलेली. त्या बोलीत ब्लीब म्हणजे थांब, आणि नो म्हणजे अजून जरा.

"सर, फोनवर तुम्ही स्वर सांगत नव्हता?"

"कसला स्वर? थांब म्हणत होतो. श्वास पुरेना, मधलं नि शेवटचं अक्षर गिळलं गेलं."

"मला वाटलं, बी."

"तुला सगळ्यात स्वरच ऐकू येतात." पलीकडे सर हसतात, मग खोकतात. "मीच तसं शिकवलं ना."

"मी फोन ठेवला, सर."

"नंबर आला होता तुझा."

तिला रागावलेलं चाललं असतं. ही समजूत तिला सोसत नाही. ती रडायला लागते, लहान मुलीसारखी, नाक ओढत.

"मग शेवटी काय वाजवू?"

"तिथे काही नव्हतंच गं. पुढचं सुचलं नाही. एकटं वाटत होतं, म्हणून फोन केला."

दार उघडून कुणीतरी तिचा नंबर पुकारतं. सतरा. ऋजुता हातातला कागद चुरगळून टाकते.

"मी आहे इथेच," ती म्हणते. "थांबलेय, सर."

पुन्हा पुकारतात. ती हलत नाही. सर तिला सांगलीतल्या तिच्या आईच्या गुडघ्यांबद्दल विचारतात, ती सांगते. बोलता बोलता पलीकडचा श्वास संथ होतो, मग ऐकू येईनासा होतो. पडदा बाजूला सारायचं धाडस तिला होत नाही.

दारावर टकटक होते. साडेतीन. कार्यक्रम ठरवणाऱ्या बाई डोकावतात. "शेवटच्या स्वराचं ठरलं का?"

कोट खाली घसरला आहे. कानामागची पेन्सिल ऋजुताच्या मुठीत आहे. ती वही उघडते. शेवटच्या घरातला निषाद खोडलेला आहे. त्याच्या आधीच्या स्वरापासून रिकाम्या घरावर एक कमान ओढली आहे. तोच स्वर सोडायचा नाही, धरून ठेवायचा, असं सांगणारी.

पेन्सिल तिच्याच हातात आहे, तेव्हा झोपेत तिनेच ओढली असणार. ती बाईंना तसं सांगायला तोंड उघडते आणि थांबते. कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरलेली आहे. ऋजुताचा हात थरथरत नाही. ऑडिशनच्या दिवशी, तो फोन ठेवल्यावरही, थरथरला नव्हता.