बिछायतवाल्या काकूंचा हप्ता

आमच्या बिछायतवाल्या काकू आयकर भरायला रेशमी पातळ नेसून बसत.

कर भरायचा तो माझ्या लॅपटॉपवर आणि त्यांच्याच घराच्या माडीवर, जिथे मी भाड्याने राहत होते. मधे फक्त एक जिना. पण तेवढ्या जिन्यासाठी काकू न्हाऊन, केसांना तेल लावून, जांभळं रेशमी पातळ नेसून वर यायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या लग्नाला निघाल्या असतील.

"लग्नाले?" काकू म्हणाल्या. "सरकारच्या दारात जाऊन राह्यलो आपण. गाऊनवर जाऊ काय?"

मी स्वतः गाऊनवरच होते. निमूट उठले आणि ड्रेस घालून आले.

मी मूळची अमरावतीची. शिक्षण संपल्यावर अकोल्यात एका कर सल्लागाराच्या कचेरीत लागले आणि काकूंच्या माडीवर राहायला आले. काकांच्या मागे काकू एकट्याच बिछायत केंद्र चालवत. मंडप, कनाती, सतरंज्या, खुर्च्या, आणि ज्यात माणूस बसून आंघोळ करील असे जर्मनचे गंज, म्हणजे पातेली. अकोल्यापासून तेल्हाऱ्यापर्यंत बारसं असो की तेरवी, सामान त्यांचं. मला त्या 'पोरी' म्हणत. रागावल्या की 'म्याडम'.

धंदा करणाऱ्याने कर भरण्यासाठी वर्ष संपायची वाट पाहायची नसते. अंदाज बांधून तो आधीच चार हप्त्यांत भरायचा असतो: जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, प्रत्येक वेळी पंधरा तारखेच्या आत. काकू 'आगाऊ कर' वगैरे म्हणत नसत. "उद्या हप्ता द्याचा हाये," असं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत. गल्लीला वाटे, बाईला कुणीतरी दादा त्रास देतोय. कोपऱ्यावरच्या तालमीतल्या पहिलवानाने एकदा मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "म्याडम, तुमी फक्त नाव सांगा. बाकी आमी पाहून घेतो त्याले."

भरायचा तो शेवटच्याच दिवशी, हा त्यांचा नेम. मी चार दिवस आधीपासून मागे लागे. त्या म्हणत, "जाणारच हाये तो पैसा. मंग दोन दिवस माह्या घरी राहू दे ना बिचाऱ्याले." आणि शेवटच्या दिवशी सगळा महाराष्ट्र त्याच साइटवर येऊन बसलेला असे. चाक फिरत राही. काकू हात जोडून त्या चाकाकडे पाहत. मग चहा टाकायला खाली जात, तेवढ्यात बराच वेळ काही हालचाल नाही म्हणून साइट आम्हाला बाहेर काढी. "हाकललं?" काकू जिन्यातूनच ओरडत. "आपण पैसे द्याले आलो अन् आपल्यालेच हाकललं? आपल्या दुकानात गिऱ्हाइकाले असं करून पाहा बरं!"

कराचं वर्ष निवडायची वेळ आली की दर वेळी तोच वाद. कमाई यंदाची, पण रकान्यात साल पुढचं टाकायचं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "लेकरू झालं नाही अन् सरकार बारशाची तारीख मांगून राह्यलं," असं म्हणून त्या मान फिरवत, म्हणजे ते पाप माझ्या हातून घडे.

शेवटी बँकेकडून ओटीपी आला की मला उठावं लागे. काकू माझ्या खुर्चीवर बसत, पदर लॅपटॉपवरून ओढून घेत आणि त्या तंबूत एका बोटाने आकडे दाबत. "कोणालेच सांगू नोका म्हणते बँक. तूबी त्या 'कोणाले'मधेच येते." पावती उमटली की पदराबाहेर येत. चेहऱ्यावर घाम आणि समाधान. खाली जाऊन पहिलं काम काय, तर रस्त्याच्या साहेबाला फोन. "तेल्हारा रोडवर माह्या गाडीचे गंज आदळून राह्यले. खड्डा बुजवा. आताच कर भरला आमी!" त्या साहेबाचा आयकराशी काही संबंध नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. काकू म्हणाल्या, "घर एकच ना त्याईचं?"

मी एकदा विचारलं, एवढा उत्साह कुठून येतो? माझ्या कचेरीत येणारे सगळे कर कमी कसा करता येईल तेच विचारायचे.

काकूंनी तेव्हा काकांची गोष्ट सांगितली. काका देवमाणूस, पण कराचं नाव काढलं की 'पाहू' म्हणायचे. 'पाहू' म्हणता म्हणताच ते गेले, आणि मागून नोटीस आली. काकू एकट्या कचेरीत गेल्या. आधी खूप भांडायचं ठरवून गेल्या होत्या. पण साहेबाने शांतपणे विचारलं, "बाई, इतक्या वर्षांत काही भरलंय का?" आणि काकूंना तोंड उघडता येईना.

"पोरी, मी सासूशी भांडली, ग्रामसेवकाशी भांडली, बँडवाल्याशी तं रोजच भांडतो. त्या दिशी पहिल्यांदा खाली मुंडी घालून घरी आली. तवाच ठरवलं. आधी भराचं, मंग बोलाचं."

काकांचं जे काही राहिलं होतं ते त्यांनी थोडं थोडं करून फेडलं. दीर म्हणत होते, धंदा गुलाबभाऊला विकून टाक. गुलाबभाऊ म्हणजे पलीकडच्या चौकातला बिछायतवाला. भरघोस मिशा, गोड बोलणं, बिल कधी नाही आणि दर नेहमी काकूंपेक्षा कमी. काकूंनी धंदा विकला नाही आणि दुकानाच्या बोर्डावर 'बाईची बिछायत' असं ठळक रंगवून घेतलं.

मग तो डिसेंबर आला. पंधरा तारखेलाच हिवरखेडला मोठं लग्न होतं. "दुपारी येतो, मंग बसू," असं सांगून काकू सकाळी सामानाच्या गाडीतून गेल्या. जाताना, न जाणो म्हणून, बँकेचा पासवर्ड माझ्या कानात सांगितला. खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी कानात. तिकडे वरात उशिरा निघाली आणि काकूंना मांडव सोडता येईना. दिवस कलायला लागला तेव्हा मीच फोन लावला आणि म्हटलं, "मी इकडून भरते. आकडा आला की तेवढा सांगा."

आकडा आला तेव्हा वरातही मांडवात आली होती. फोनमधून मला फक्त बँड ऐकू येत होता. "सात!" काकू ओरडल्या. "सात की साठ?" मी ओरडले. "आठ नाही वं, सात!" तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्यांदा मागवला, तेच. आता पुन्हा चुकलं तर बँक खातं बंद करील, हे मी त्यांना कसंबसं कळवलं.

क्षणभर नुसताच बँड वाजत राहिला. मग माइकची शिट्टी वाजली आणि काकूंचा आवाज माझ्या कानात घुमला. "बँड बंद! दोन मिनिटं कोणी बोलू नोका. सरकारचा नंबर आला हाये!"

बँड थांबला. मंडप चिडीचूप झाला. जो आकडा त्या मला पदराआड लपवून दाखवत नव्हत्या, तो लाउडस्पीकरवरून साऱ्या हिवरखेडला सांगू लागल्या. "सात! दोन! नऊ!" मधेच थांबून म्हणाल्या, "आयकू आलं का वं?" मंडपातूनच कुणीतरी उत्तर दिलं, "आलं, आलं!" शेवटचा आकडा उच्चारताच मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी अक्षता टाकल्या.

कर भरला गेला. पण बातमी गेली ती वेगळीच. गुलाबभाऊने संधी साधली. गावोगाव सांगत सुटला, "बाईचा सरकारशी सीधा फोन हाये. तुमच्या लग्नात किती पानं उठली तेबी वर कळते." लोक घाबरले. जानेवारीपासून ठरलेली कामं एकेक करून रद्द व्हायला लागली. ऐन लग्नसराईत काकूंचे गंज दुकानात पालथे पडले. काकूंचं जेवण कमी झालं. मार्चच्या हप्त्याला त्या वर आल्या तेव्हा पातळ तेच होतं, पण खांद्यावर सैल झालं होतं. "यंदा कमाई नाही, तर हप्ता कमी बसेल," मी म्हटलं. त्या हसल्या. "म्हणजे गुलाबनं माह्यासंगं सरकारलेबी बुडवलं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अकोल्यात शेतीचं मोठं सरकारी प्रदर्शन भरायचं ठरलं. मंडपाचं काम ज्याला हवं त्याने मागच्या तीन वर्षांची कर भरल्याची कागदं आणायची, अशी अट होती. साऱ्या बिछायतवाल्यांत ती कागदं फक्त काकूंकडे निघाली. काम त्यांना मिळालं. अडचण एकच, मैदान एवढं मोठं की त्यांचा मंडप पुरेना.

काकू रेशमी पातळ नेसून गुलाबभाऊच्या दुकानात गेल्या. मी बरोबर होते. मला वाटलं, आता या त्याची मिशी उपटतात.

"गुलाब, तुहा मंडप पाह्यजे. भाडं तू म्हणशील ते."

गुलाबभाऊ उभाच राहिला. "बाई, मी तुमच्याबद्दल काय काय बोललो, माहीत हाये ना?"

"माहीत हाये. दूर दूर आवाज जाते तुहा, माइक बी लागत नाही. मंडप देतं का नाही?"

"देतो ना बाई."

"पण बिल लागन. पक्कं, नंबरचं. मले सरकारले दाखवा लागते."

गुलाबभाऊने माझ्याकडे पाहिलं. गाईने कसाबाकडे पाहावं तसं. पुढच्या आठवड्यात तो माझ्या कचेरीत कागदपत्रांची पिशवी घेऊन आला. जूनमध्ये त्याचा पहिला हप्ता काकूंच्या माडीवर भरला गेला. तो लुंगीवर आला होता. काकूंनी जिन्यातूनच परत पाठवला. "पँट घालून ये!"

प्रदर्शनानंतर गुलाबभाऊच गावोगाव काकूंचं नाव सांगू लागला आणि त्यांची कामं परत आली. पुढे लग्न करून मी अमरावतीला आले. मांडव काकूंनीच घातला होता. मला निरोप देताना सगळे रडले, काकू मात्र दुकानातल्या पोऱ्यांना खुर्च्या मोजायला लावत होत्या. मी पाया पडले तेव्हा म्हणाल्या, "जाय. नवऱ्याचा कर त्याले भरू देजो, तुहा तू भरजो." मग तोंड फिरवून पोऱ्यांवर उगाच ओरडल्या.

गेल्या उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. त्यांची लेक नाशिकला असते. तिने सामान आणि दुकान गुलाबभाऊला दिलं.

दर डिसेंबरात मी काकूंना हप्त्याची आठवण करून द्यायला दुकानाच्या नंबरवर फोन करत असे. यंदाही बोट आपसूक त्याच नंबरावर गेलं. फोन उचलला गेला तेव्हा भानावर आले, पण दुकानावर सगळे विचारत तसं तोंडून निघून गेलं होतं, "बाई आहेत का?"

"हाव," मिशीतून भरदार आवाज आला. "बाईच बोलून राह्यलो."

मी विचारलं, "गुलाबभाऊ?"

"अरे म्याडम, तुमी हाय का?" तो ओशाळला. "हप्ता भरला, काळजी नोका करू. अन् हे बाईचं काय हाये, फोनवर सारे बाईलेच मांगतात. गेल्या म्हणलं तं काही रडतात, काही फोन ठेवतात. परवा हिवरखेडची एक म्हातारी होती. नातीचं लग्न हाये. म्या काई बोलाच्या आधी सुरूच झाली. पोरगा कसा, घर कसं, पोरीची माय नाही, सारं सांगत बसली. आता मधेच कसं सांगाचं? आयकत राह्यलो. शेवटी म्हणते, 'बाई, तुमचा आवाज असा काहून येऊन राह्यला?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, काई नाही माय, सर्दी हाये जराशी."

हे सांगताना त्याचा आवाज खरोखरच बसला होता.