वरवंट्याचं बारसं

दरवर्षी पंचवीस मार्चला येणारा न जन्मलेल्या बाळांचा दिवस आम्ही घरीच पाळतो. त्या दिवशीच्या सभेतली भाषणं मला सोसत नाहीत. यंदा दोघी मुलींनी बारसं मांडलं. बारशात बाळाच्या आधी वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून देतात, तसा त्यांनी स्वयंपाकघरातला वरवंटा घेतला. त्याला धाकटीची जुनी, गुलमंडीच्या बाजारातून आणलेली कुंची घातली. पाळणा म्हणून खुर्ची ठेवली.

थोरलीच्या आधीचं माझं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं. "काही नव्हतंच ते, लई मनाला लावून घेऊ नको," असं जो तो सांगायचा. त्या बोलण्याची मला अजून चीड येते. मुलींना यातलं काहीच ठाऊक नाही.

मी वरवंटा एका हातानं उचलला, तशी धाकटी ओरडली, "आई, असं नको! मान धर त्याची."

मी धरली.