कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

यंत्रयुगाचा धडा तीनदा शिकवूनही सातवीच्या मुली गप्पच. वैतागून मी त्यांना निमगाव केतकीच्या बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

विहिरीवरचं एक डिझेल इंजिन दुरुस्तीला आलं होतं, धडधडत होतं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"आबा, खोलत का नाही?" मी विचारलं.

"बाई, आधी ऐकायचं. कुठं दुखतंय त्ये इंजिनच सांगतंय."

मग त्यांनी प्रत्येक मुलीला तसंच ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांत अबोल मुलीशेजारी जाऊन बसले. "तुला कुठं अडतंय गं?"

ती म्हणाली, "बाई, जगातलं पयलं इंजिन सुरू झालं, तवा त्येचा आवाज कुणी ऐकला आसंल?"

मी मनोमन मिस्त्रींना हात जोडले.