कानवाल्या बाईंची तपासणी

दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून, कपाटापेक्षा थोडीच मोठी एक खोली होती. भिंतींना आतून जाड गाद्या मारलेल्या, दाराला रबराची पट्टी. आत बसलेल्या माणसाने हेडफोन लावायचा आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, एवढंच. काचेपलीकडे बसून त्या शिट्ट्या वाजवणाऱ्या त्या कानवाल्या बाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं.

बाविसाव्या वर्षी त्या नोकरीला लागल्या. दिवसभर टुंई-टुंई ऐकून बाकीच्यांचं डोकं उठायचं, बाईंना मात्र त्यात गोडी वाटू लागली. दोन शिट्ट्या अगदी जवळजवळच्या लावल्या की त्यांच्या मधोमध तिसरंच काहीतरी हळूहळू डुलायला लागतं, हे त्यांना जेवणाच्या सुट्टीत कळलं. त्या दिवशी डबा तसाच परत गेला. पुढे जुनं यंत्र भंगारात निघालं तेव्हा मोठ्या डॉक्टरांची सही घेऊन बाईंनी ते रीतसर घरी आणलं, आणि मागच्या खोलीत शिवणयंत्राच्या टेबलावर मांडलं. शिवणयंत्र जमिनीवर आलं.

सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, फ्रीज बिघडलाय का?"

त्यानंतर दोन टेपरेकॉर्डर आले. एकावर शिट्टी भरायची, ती वाजवताना वर दुसरी मिसळायची आणि सगळं दुसऱ्या टेपवर घ्यायचं. प्रत्येक फेरीला सूं-सूं वाढायची. मग छोटा कीबोर्ड आला, मग मुलाने टाकून दिलेला कॉम्प्युटर आला. बाई आपल्या रचनांना नावं देत नसत, केसपेपरसारखे नंबर देत. मुलगा दहा वर्षांचा असताना एकशे बारा नंबर ऐकून म्हणाला होता, "आई, हे सुरू कधी होणार?" बाई म्हणाल्या, "संपलं की आत्ताच." तो मोठा होऊन दुसऱ्या गावी गेला, तरी हा किस्सा जमेल तिथे सांगतो.

ऐकणारे किती? इंटरनेट आल्यावर असल्याच नादाला लागलेली बारा-पंधरा माणसं जमली. एकमेकांचं ऐकायचं, दोन ओळी लिहायच्या. बाईंना तेवढं पुरे होतं. त्या कुणापुढे मिरवायला कधी गेल्या नाहीत, पण मनातून त्यांना आपल्या कानांचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांनी चाळीस मिनिटांची एक मोठी रचना हातात घेतली होती. आयुष्यभर तुकडे केले, आता एक सबंध गोष्ट करून दाखवायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

अलीकडे ऐकणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी लिहिलं होतं, वरचे सूर टोचतात. बाईंनी ते उडवून लावलं. "स्पीकर स्वस्तातले असतील त्यांचे," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेला, मुळात कमी बोलणारा. त्याने मान डोलावली आणि पेपर घेऊन गॅलरीत गेला.

बाईंच्या अभिमानाला आधार होता. रोज सकाळी यंत्र नीट चालतंय ना, हे बघायला त्या स्वतःचेच कान तपासत. एका हाताने चकती फिरवायची, दुसऱ्या हाताने बटण दाबायचं. पस्तीस वर्षांत एकही शिट्टी चुकली नव्हती. स्वतःच वाजवायची आणि स्वतःच ऐकायची, तर चुकणार कशी, हा विचार इतक्या हुशार बाईच्या मनात एकदाही आला नाही.

मग दवाखान्यात नवीन यंत्र आलं. हे आपल्या मनाने शिट्ट्या वाजवायचं, कुठलीही, केव्हाही. कंपनीचा माणूस म्हणाला, "कोणीतरी बसा ना आत, दाखवतो." बाई हौसेने बसल्या. दहा मिनिटांनी कागद बाहेर आला. त्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालली होती आणि उजवीकडे, बारीक, म्हणजे वरच्या सुरांच्या बाजूला, जिना उतरावा तशी खाली गेली होती. असे हजारो कागद बाईंनी लोकांच्या हाती दिले होते. हा वाचायला त्यांना डॉक्टर लागला नाही.

"यंत्र चांगलं आहे," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी त्या गॅलरीत गेल्या.

"अहो, माझं संगीत टोचतं का?"

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "थोडंसं."

"कधीपासून?"

"झाली असतील पाच-सहा वर्षं."

"आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीत?"

"तू कानांच्या कामातली माणूस. मला वाटलं, माझेच कान बिघडले."

बाईंना संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे न कळून त्या मटकन खाली बसल्या. पाच-सहा वर्षांचं सगळं काम वाया गेलं, असं त्यांना वाटलं, आणि रडूही आलं. नवरा बाजूला बसून राहिला. नंतर त्याने चहा केला.

पुढचे चार दिवस बाईंनी ती मोठी रचना उघडून कागदाबरहुकूम दुरुस्त केली. रेघ जिथे जितकी खाली गेली होती, तिथले आवाज नीट ऐकू येत नाहीत म्हणून त्या नकळत चढवत आल्या होत्या, ते आता तितके कमी करायचे. कानांनी नाही, आकड्यांनी. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर त्यांना काडीचाही फरक ऐकू आला नाही.

रविवारी दुपारी त्यांनी नवऱ्याला मागच्या खोलीत बसवलं आणि वाजवायला सुरुवात केली. स्पीकरकडे बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दहा मिनिटं गेली, वीस गेली. तो उठला नाही. मग त्याने हात वर केला.

"थांब. जरा मागे घे."

बाईंनी मागे घेतलं. "टोचतंय?"

"नाही गं. मागे कुठेतरी बारीक वाजतंय. लांबून कुणी किल्ल्यांचा जुडगा हलवत यावं तसं. हे तू कधी घातलंस?"

बाईंनी डोळे मिटले, जीव कानात आणला. तिथे त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. असलं काही आपण घातल्याचं आठवतही नव्हतं.

"काढून टाकू?" त्यांनी विचारलं.

"छे, छे. सगळ्यात छान तेच आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. "राहू दे मग."