लेफ्टनंट उकाईंची तलवार, बहुतेक

तामोत्सु उकाई आमच्या सेकी गावात कात्र्यांच्या कारखान्यात मुकादम होता. कात्री कानाशी धरायची, एकदा उघडझाप करायची आणि आवाजावरून "जमली" नाहीतर "परत घे" म्हणायचं, हे त्याचं काम. पंचवीस वर्षं हेच करत आल्यामुळे म्हणा किंवा मुळातच स्वभाव तसा म्हणून म्हणा, मधलं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

महिन्यातून एका रविवारी माझ्या खानावळीच्या माडीवर आमचं तलवारवाल्यांचं मंडळ बसायचं. खाली वाम मासे निखाऱ्यावर भाजले जात आणि वर आम्ही धुरात बसून पाती न्याहाळत असू. लढाईच्या काळात आमचं अर्धं गाव सैन्यासाठी तलवारी करत होतं, त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर एखादी निघायचीच. मग ती तामोत्सुकडे यायची. सरकारी तपासणीत हाताने घडवलेलं, पाण्यात विझवलेलं पातं असेल तरच ते घरी ठेवायची परवानगी मिळते. कारखान्यात यंत्रावर काढलेलं आणि तेलात विझवलेलं असेल तर ते कापून टाकतात. तपासणीला जायच्या आधीच लोकांना तामोत्सुकडून निकाल हवा असायचा, आणि पात्यावर एकदा नजर टाकून तामोत्सु तो देऊन मोकळा व्हायचा. दातांचे डॉक्टर इवासा एकदा मोठ्या हौसेने एक तलवार घेऊन आले. तामोत्सुने ती पुरती म्यानाबाहेरही काढली नाही. म्हणाला, "डॉक्टर, हा खोटा दात आहे." इवासा ते अजून विसरलेले नाहीत.

तो आणि मी शाळेपासूनचे मित्र. त्याच्या घरची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. त्याचे वडील, लेफ्टनंट जुनपेई उकाई, बर्मात लढाईत गेले. इरावती नदीच्या काठावर, एकोणीसशे पंचेचाळीसच्या मार्चमध्ये, असं सरकारने कळवलं. तामोत्सु तेव्हा पोटात होता. अस्थींची म्हणून जी पेटी आली तिच्यात एक खडा होता. पुढे घरच्यांनी त्याच्या आईचं, शिझुएकाकूंचं, धाकट्या दिराशी लग्न लावून दिलं. तेव्हा असं बऱ्याच घरांत झालं. दीर कोसाकु मोठा सज्जन माणूस. तामोत्सु त्यालाच बाबा म्हणायचा आणि खरे वडील म्हणजे "फोटोतले बाबा". मी सांगतोय ती गोष्ट घडली तेव्हा कोसाकुबाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

युद्ध संपल्याला पन्नास वर्षं व्हायला थोडे महिने उरले असताना जिल्हा कचेरीतून निरोप आला. इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या सैनिकाला त्याच्याकडची तलवार तिच्या घरी परत पाठवायची होती, आणि तलवारीला बांधलेल्या पाटीवर उकाई जुनपेई हे नाव होतं.

कचेऱ्या आणि पोलीस यांचे सोपस्कार उरकून ती आली तेव्हा तामोत्सु ती घेऊन आधी माझ्याकडे आला, घरी नेली नाही. माडीवर आम्ही दोघंच होतो. त्याने फडकं सोडलं. म्यानावर तपकिरी चामड्याची खोळ, मुठीवर काळपट पडलेली दोरी, आणि मुठीजवळ तारेने बांधलेली बोटभर लाकडी पाटी. तिच्यावर कुंचल्याने, वळणदार अक्षरात हुद्दा आणि नाव.

मला वाटलं, आता हा पातं बाहेर काढेल आणि हातासरशी काहीतरी बोलून मोकळा होईल. त्याने पातं काढलं. खिडकीकडे धरलं, मग दिव्याकडे, मग परत खिडकीकडे.

"काय रे? खरी आहे ना?" मी विचारलं.

"थांब."

"कारखान्यातली आहे का?"

"थांब म्हटलं ना, गेन!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून थांब ऐकलं. त्याने पाटी उलटी केली. मागच्या बाजूला शाईने इंग्रजी लिहिलं होतं. इंग्रजी आम्हा दोघांनाही शाळेपुरतंच येत होतं, पण मोलमीन हे बर्मातल्या गावाचं नाव आणि ऑक्टोबर १९४५ एवढं सहज वाचता आलं.

"शरणागतीनंतर तलवारी गोळा केल्या, तेव्हाची पाटी आहे ही," तो म्हणाला. "ज्याची तलवार त्याने आपलं नाव लिहायचं आणि ती खाली ठेवायची."

मी बोटांवर महिने मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

"तुझे बाबा तर मार्चमध्ये..."

"हो."

खालून बायकोने जेवायला हाक मारली. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला ओढूनच घरी घेऊन गेला. आईसमोर एकट्याने बसायचा त्याला धीर होत नव्हता. शिझुएकाकू चौऱ्याहत्तरच्या, पाठीतून वाकलेल्या, पण जिभेला धार आमच्या गावच्या कुठल्याही पात्याहून जास्त. तलवार समोर ठेवून पाटीवरच्या ऑक्टोबरचं सांगितलं, तरी त्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही. आधी चहा ओतला.

"ही त्यांची नाही," त्या म्हणाल्या.

"आई, नाव आहे वर."

"नाव काय, तुझ्या सदऱ्यावरसुद्धा कारखान्याचं नाव आहे. कारखाना तुझा झाला का? ते बुटके होते. तलवार जमिनीला घासते म्हणून त्यांनी दोन बोटं आखूड करून घेतली होती. निघताना सगळे हसले होते त्यांना."

तामोत्सुने पातं मोजलं. नेहमीपेक्षा थोडं कमी भरलं, पण दोन बोटांइतकं काही कमी नव्हतं. आणि नेहमीचं म्हणजे तरी काय? प्रत्येक कारखान्याचं माप वेगळं. त्याने तसं सांगितलं.

"मग कमी आहे की नाही?" काकू म्हणाल्या.

"आहे, पण..."

"अरे, लोकांना एका शब्दात सांगतोस ना? मला सांगताना काय झालं?"

मग काकूंनी कशासाठी कोण जाणे, चामड्याची खोळ ओढून घेतली आणि तिची शिवण डोळ्यांजवळ नेली. एका ठिकाणी खोळ उसवून पुन्हा शिवलेली होती.

"हे मी शिवलंय," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं पुढे सरकलो.

"निघायच्या आदल्या दिवशी उसवलं होतं. मीच शिवलं." मग त्यांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला. "पण मी इतकं वाईट शिवत नव्हते."

"आई, नक्की काय?"

"मला काय माहीत! पन्नास वर्षांपूर्वीचा टाका मी ओळखायचा? तू तुझं तू ओळख!" आणि एकाएकी त्यांचा आवाज चढला. "आणि ऑक्टोबरात जर ते उभे राहून आपलं नाव लिहीत होते, तर इतकी वर्षं मार्चमध्ये मी कुणाला उदबत्ती लावतेय? आणि नावबिव लिहून मग गेले कुठे? घरचा रस्ता विसरले?"

तामोत्सु चहाच्या कपाकडे बघत बसला. काकूंनी कोसाकुबाबांच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, जणू ओशाळल्या असाव्यात.

मंडळाच्या बैठकीत ही गोष्ट मी काढायला नको होती, पण निघाली. इवासा डॉक्टर पेला खाली ठेवून म्हणाले, "बर्मात आपले बरेच जण मागे राहिले म्हणे. तिकडेच घरं केली, पोरंबाळं झाली." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, दात काढतानाही ते अशाच गप्पा मारतात. तामोत्सु उठला, चपला न घालता जिना उतरला आणि मोज्यांनीच घरी गेला. चपला मी नेऊन दिल्या.

त्यानंतर त्याला झोप लागेना. कारखान्यात कात्री कानाशी धरून तो तसाच उभा राहायचा, पोरं वाट बघत राहायची. मला म्हणाला, "गेन, कधी वाटतं ते जिवंत होते तर बरंच झालं. मग वाटतं, जिवंत असून आले नाहीत, तर त्यापेक्षा नदीकाठी गेलेलेच बरे. आणि असं वाटलं की मग कोसाकुबाबांचा राग येतो. त्यांचा काय संबंध, सांग? पण येतो."

वडिलांच्या तुकडीतला एकच माणूस हयात असल्याचं कळलं, डोंगरातल्या गुजो गावचे हाचिया आजोबा. आम्ही दोघं माझ्या गाडीने गेलो. आजोबांनी आम्हाला घोंगडीखाली शेगडी असलेल्या मेजाशी बसवलं. मुलगी त्यांच्याबरोबरच राहत होती, तिने भाताच्या गोळ्या आणि मुळ्याचं लोणचं आणून ठेवलं. आजोबांनी पाटी बघितली मात्र, डोळे भरून आले.

"लेफ्टनंटसाहेब माझ्या मांडीवर गेले," ते म्हणाले. "नदीच्या काठावर. मी त्यांची तलवार घेतली. म्हटलं, घरी पोचवीन. शरण आलो तेव्हा इंग्रजांनी पाट्या लिहायला लावल्या. माझं नाव कशाला लिहू? तलवार त्यांची. त्यांचंच लिहिलं."

तामोत्सुने इतक्या जोरात श्वास सोडला की मलाच हायसं वाटलं. सगळं जुळलं होतं. मार्चही खरा, ऑक्टोबरही खरा. तो वाकून आजोबांचे आभार मानायला लागला.

तेवढ्यात त्यांची मुलगी पाटीकडे बघत म्हणाली, "बाबा, हे अक्षर तुमचं? तुम्ही तर नवीन वर्षाची पत्रंसुद्धा माझ्याकडून लिहून घेता."

आजोबांनी पाटी पुन्हा हातात घेतली. "माझं नाही," ते म्हणाले. "मला एवढं सुरेख कुठलं यायला! हे साहेबांचंच अक्षर. आमची सगळ्यांची पत्रं तेच लिहून द्यायचे."

"पण ते तर मार्चमध्ये गेले," तामोत्सु म्हणाला.

"गेले ना. माझ्या मांडीवर."

"मग ऑक्टोबरमध्ये कुणी लिहिलं, आजोबा?"

आजोबांनी पाटी त्याच्या हातात परत दिली. "तू त्यांच्यासारखाच दिसतोस," ते म्हणाले. "बुटका नाहीस, तेवढं सोडून."

जेवणानंतर त्यांनी तीच हकिगत पुन्हा सांगितली, तेव्हा मांडीवर गेलेला माणूस कुणीतरी सार्जंट होता आणि लेफ्टनंटसाहेब तापाने फणफणून मागच्या एका खेड्यात राहिले होते. मुलीने आम्हाला खूण केली, आता पुरे.

परतीच्या वाटेवर तामोत्सु एवढंच म्हणाला, "खोटं बोलले नाहीत रे ते."

तपासणीच्या दिवशी गिफूच्या सरकारी सभागृहात रांग होती. फडक्यांत, पडद्यांच्या कापडांत, एकाची तर मुलाच्या बेसबॉलच्या पिशवीत गुंडाळलेली तलवार. तपासनीस गृहस्थ तामोत्सुला ओळखत होते. त्यांनी मूठ सोडवली, मुठीच्या आत जाणारं टोक पुसलं. तिथे कारागिराचं नाव नव्हतं, कारखान्याचा लहानसा शिक्का होता. पातं विझवताना त्याच्यावर उमटलेली रेघ त्यांनी दिव्याखाली बघितली.

"उकाईसान, तुम्हाला मी काय सांगणार?" ते हळू म्हणाले. "तेलातलं आहे."

"हो," तामोत्सु म्हणाला. "ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. दिसलं होतं तर माझ्या माडीवर खिडकी आणि दिवा यांच्यामध्ये तो इतका वेळ काय शोधत होता?

"मला एकच सांगा," तो तपासनिसांना म्हणाला. "हे पातं मुद्दाम आखूड केलेलं आहे का?"

त्यांनी मुठीकडच्या त्याच टोकावरची दोन भोकं दाखवली. "दुसरं भोक आखूड करतानाही पाडतात आणि मूठ घट्ट बसावी म्हणूनही पाडतात. एवढ्यावरून सांगणं कठीण आहे. तुम्ही काय म्हणाल?"

"मला सांगता येत नाही," तामोत्सु म्हणाला.

परवानगी मिळणार नव्हती. आता दोन वाटा होत्या. परत इंग्लंडला पाठवायची, नाहीतर पोलिसांच्या हवाली करून कापू द्यायची. मूठ, म्यान आणि पाटी घरी ठेवायला हरकत नव्हती. मला वाटलं, काकू रडतील किंवा भांडतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"परत पाठवू नका," त्या म्हणाल्या. "त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याने पन्नास वर्षं सांभाळली, आता त्याला पुन्हा कशाला अडकवायचं? कापू दे. त्यांची असेल तर त्यांची सुटका होईल. दुसऱ्या कुणाची असेल तर त्याची होईल."

तामोत्सु स्वतः पोलीस ठाण्यात ती देऊन आला. कापताना बघायचं का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो हो म्हणाला आणि प्रत्यक्षात बाहेर बाकावर बसून राहिला.

पाटी काकूंनी देव्हाऱ्यात जुनपेईंच्या स्मृतीच्या, नाव लिहिलेल्या लाकडी फळीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी काढून कपाटात टाकली. आठवड्याने पुन्हा देव्हाऱ्यात. मार्चमधला श्राद्धाचा दिवस त्यांनी नेहमीसारखा केला. ऑक्टोबर आला तेव्हा एक दिवस पुन्हा भाताची वाटी वाढून देव्हाऱ्यापुढे ठेवली. "ही कुणासाठी?" तामोत्सुने विचारलं, तर म्हणाल्या, "ज्याला भूक असेल त्याच्यासाठी. तुला काय करायचंय?" मग त्यांनी कोसाकुबाबांच्या फोटोपुढेही एक वाटी ठेवली, जरा मोठी.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाला हाचिया आजोबांच्या मुलीचा फोन आला. बाबांना काहीतरी पक्कं आठवलंय, लवकर या, सकाळपासून तुमचंच नाव घेताहेत. तामोत्सुने कारखान्यातून सुट्टी घेतली आणि आम्ही पुन्हा गुजोला गेलो. घाटात धुकं होतं, पोचायला उशीर झाला. आजोबा ओसरीवर उन्हात बसले होते. आम्हाला बघून त्यांना फार आनंद झाला, पण आम्ही कोण ते त्यांना सांगावं लागलं. तलवारीचा विषय काढला तर म्हणाले, "तलवार? मी कधी बाळगली नाही बुवा. मी स्वयंपाकघरात होतो." मुलगी दाराआड उभी राहून एप्रनने डोळे टिपत होती. आजोबांनी दोरीला टांगून वाळवलेली पर्सिमनची फळं स्वतःच्या हाताने सोडली आणि आम्हाला वाढली. आम्ही बसून खाल्ली. तामोत्सुने त्यांची पाठ थोडा वेळ चेपून दिली.

घरी आलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाले?"

तामोत्सु खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. "यंदा पर्सिमन गोड आलीत म्हणाले. तुझ्यासाठीही दिलीत."

काकूंनी त्याच्या हातातली पुडी घेतली, उघडून एक तोंडात टाकलं आणि चावत चावत आत गेल्या.