ह्यांचं रोह्यातलं हसू

काल पेणला माझ्या कवळीचं माप घेताना डॉक्टरांनी मेणासारखी हिरवी कांडी दिव्यावर मऊ केली, आणि त्या वासानं मी थेट रोह्याला पोचले. तिथल्या तरण्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या कवळीच्या वेळी अशीच कांडी मापाच्या साच्याच्या कडेला लावून तो ह्यांच्या तोंडात धरला होता.

"काका, ओठ पुढे काढा. आता मोठ्ठं हसा."

आणि हे हसले! घरात चहा दिला तरी मान वर न करणारा माणूस!

"माझ्याकडं बघून नाय कधी हसले," मी म्हटलं.

"काकी, हसल्याशिवाय कवळी घट्ट बसत नाय."

बसली मेली, अगदी घट्ट.

हे गेले तेव्हा मुलगा ती त्यांच्या तोंडात बसवायला निघाला. मी बसवू दिली नाही. त्या डॉक्टरीणबाईसाठीचं हसू लावून ह्यांना कशाला जाऊ देऊ?