रखमावहिनींनी दार वाजवलं तेव्हा

रखमावहिनी गेल्याचं मला दूधवाल्यानं सांगितलं. सकाळी भांडं घेऊन दारात उभा होतो. दूध मापता मापता तो म्हणाला, "मास्तर, जुन्या जालन्यातल्या त्या तुमच्या वहिनी पहाटे गेल्या म्हनं." माझ्या तोंडून 'बरं' एवढंच निघालं, जणू त्यानं उद्या खाडा असल्याचं सांगितलं होतं. मग आत येऊन भांडं ओट्यावर ठेवलं आणि कितीतरी वेळ तिथंच उभा राहिलो... पंधरा दिवसांनी शाळेच्या दालनात शोकसभा झाली. अध्यक्षांनी मला पुढं बसवलं आणि बोलण्याच्या ओघात म्हणाले, "मास्तर म्हणजे वहिनींचा उजवा हात. विणकर गल्ली वाचवताना हे त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते." समोरच्या माणसांनी माना डोलावल्या. मला उठून नाही म्हणता आलं असतं. मी उठलो, वहिनींच्या तसबिरीला हार घातला आणि खाली बसलो. हा लेख त्यासाठी लिहितो आहे.

वहिनी म्हणजे माझे मित्र नागोराव यांच्या पत्नी. नागोराव अडतीच्या दुकानात दिवाणजी होते, मी निजाम सरकारच्या शाळेत मास्तर. आमची घरं एकाच गल्लीत, मध्ये फक्त दोन दारं. वहिनींचं माहेर भोकरदनकडचं धावडा. शेतकऱ्याची लेक, अंगानं किरकोळ, आवाज मात्र रानातून हाक मारायची सवय असलेला. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कुणाच्या घरी काय शिजतं, कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, हे त्यांना आठवड्यात कळलं. दुपारची भांडी झाली की पदर खोचून त्या निघायच्या आणि दिवेलागणीपर्यंत सगळी आळी पायाखाली घालून यायच्या. नागोराव चिडवायचे, "सरकारचा टपालवाला एकदा येतो, आमचा रोज येतो."

आमच्या घरांच्या मागं विणकरांची गल्ली होती. दहा-बारा मुसलमान घरं, प्रत्येक घरात खड्ड्यात पाय सोडून चालवायचा माग. पण आगगाडीनं गिरणीची लुगडी यायला लागली, तशी एकेका घरातली खटखट थांबत गेली. वहिनींना तो आवाज आमच्या परसातून ऐकू यायचा. एका दुपारी त्या माझ्या पत्नीला, पार्वतीला म्हणाल्या, "पारू, आज चारच माग वाजून राह्यले गं." त्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाला आलेल्या बायांना वाण म्हणून काय द्यावं? इब्राहिमभाईंच्या मागावरच्या कापडाचा विताएवढा तुकडा! बायका रुसल्या. चिंधी का कुणी वाण म्हणून देतं? वहिनी म्हणाल्या, "महिनाभर ह्यानं भांडी पुसा, दगडावर आपटून धुवा. मंग आपापल्या गिरणीच्या लुगड्याशी ताडून बघा, आणि मंग मला शिव्या द्या." महिन्यानं शिव्या द्यायला कुणी आलं नाही. वर्षातून निदान एक लुगडं मागच्या गल्लीतलं घ्यायचं, असं आळीतल्या बायांनी आपसात ठरवून टाकलं. "आपल्या गावचं पाणी आपल्याच गावात मुरावं," असं त्या म्हणायच्या. गल्लीच्या पलीकडच्या तोंडाला चाँदचाचा नावाचे म्हातारे रंगारी राहायचे. त्यांच्या रंगाच्या रांजणांना पुन्हा काम आलं. चाचांचे हात कोपरापर्यंत कायम निळे असत. वहिनींना पाहिलं की ते दोन्ही हात वर करून सलाम करायचे.

कापडावर त्या थांबल्या नाहीत. आमच्या आळीतला सोंगी भारुडवाल्यांचा फड मोडायला आला होता, तर वहिनींनी घरोघरी फिरून ठरवलं की दर सणाला एका घराच्या अंगणात त्यांचा खेळ व्हायचा आणि शेजाऱ्यांनी त्यांना जेवू घालायचं. मग त्यांच्या मनानं घेतलं की बायांना वाचता आलं पाहिजे. त्या काळात मराठी वाचनालय काढायचं तर कचेरीची परवानगी लागे, आणि अर्ज केला की अर्जदारावरच नजर राही. मी तसं सांगितलं. वहिनींनी विचार केला आणि विचारलं, "भाऊजी, हळदीकुंकवाला परवानगी लागते का?"

"छे."

"मंग ह्याला हळदीकुंकू समजा. दर शुक्रवारचं."

त्यांच्या पुढच्या खोलीत कुंकवाचा करंडा दारात ठेवून मी बारा-पंधरा बायांना बाराखडी शिकवली. वहिनी स्वतः चार महिन्यांत वाचायला लागल्या. त्या दिवसांचा मला अभिमान वाटायचा. आता वाटतं, ते सगळं मला झेपणारं होतं. कुंकवाच्या करंड्यामागं बसून शिकवायला फारशी छाती लागत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तर मी गुपचूप मुंबईहून लुगडी मागवली होती, कारण वरपक्षाला गावठी काठ चालणार नव्हता. वहिनींनी मांडवात त्या काठावरून एकदा बोट फिरवलं आणि "छान हाय" म्हणून पंगतीकडं गेल्या. त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही ती सवलत घेत गेलो.

मग रझाकारांचे दिवस आले. शहरात बंदुका खांद्यावर टाकून माणसं फिरायची, आणि आमच्या गल्लीत दिवसाही दारं लोटलेली असायची. वहिनी मागच्या गल्लीत गेल्या आणि इब्राहिमभाईंना म्हणाल्या, "भाईजान, तुमच्यातले दोघं-चौघं आमच्या ओट्यावर येऊन बसा. काही करायचं न्हाई, बोलायचं न्हाई. निस्ती माणसं दिसली पाहिजेत." इब्राहिमभाई माझ्याच ओट्यावर येऊन बसले. टकळी घेऊन सूत काढत बसायचे. एकदा पाच-सहा जणांचं टोळकं आमच्या दाराशी थांबलं. भाई उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "ये मेरे बच्चे के उस्ताद का घर है." टोळकं पुढं गेलं. त्यांचा मुलगा करीम माझ्या वर्गात होता, हे खरं. मी आतून सगळं ऐकलं. नंतर बाहेर जाऊन त्यांचे हात धरले, तर भाई म्हणाले, "मास्तर, तुम्ही बिलकुल बेफिकीर राहा."

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. गावात गुलाल उडाला. मीही उधळला. पण चार दिवसांतच वारं फिरलं. खेड्यापाड्यांतून भलत्या बातम्या येऊ लागल्या. एका दुपारी कळलं की मोंढ्याच्या बाजाराकडून जमाव विणकर गल्लीकडं निघालाय. त्यात बाहेरचे काही होते, बरेचसे आपलेच होते. ज्यांनी गेल्या वर्षी खरंच छळ केला होता, ते केव्हाच पळून गेले होते. मागं राहिले होते ते माग चालवणारे.

आमचं जेवण नुकतंच झालं होतं. गल्लीतून वहिनींचा आवाज यायला लागला. एकेक दार वाजवत, एकेक नाव घेत त्या येत होत्या. "चला, सुपं घ्या, निवडायला काही बी घ्या, आणि इब्राहिमभाईच्या उंबऱ्यावर येऊन बसा. काही करायचं न्हाई. निस्ती माणसं दिसली पाहिजेत." तेच शब्द! एकही दार उघडल्याचा आवाज येत नव्हता. पार्वती उठली, तिनं सूप हातात घेतलं. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि म्हणालो, "आत हो." मग मी दाराला कडी लावली. कडी वाजू नये म्हणून ती बोटांनी धरून हळूच खाली सोडली, हे मला आजही आठवतं.

वहिनींनी आमचं दार वाजवलं. "भाऊजी, घरात हैत का?"

मी पार्वतीच्या तोंडावर हात ठेवला होता. तिचा श्वास माझ्या तळहाताला लागत होता.

"भाऊजी... गल्लीला दोन तोंडं हैत. माणसं कमी पडून राह्यलीत."

 त्या थोडा वेळ थांबल्या. मग पावलं पुढं गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या चपला उंबऱ्याबाहेरच होत्या. वहिनी त्यांच्या अगदी शेजारी उभ्या होत्या.

पुढचं मला लोकांकडून कळलं. नागोराव त्या दिवशी परगावी होते. वहिनींबरोबर दोघीच निघाल्या: त्यांची थोरली जाऊ आणि दळणकांडण करणारी कोंडाबाई. तिघी इब्राहिमभाईंच्या उंबऱ्यात तूर निवडत बसल्या. जमाव आला तेव्हा वहिनींनी मान वर केली आणि पुढच्या पोराला नावानं हाक मारली. "काय रे, तुझ्या लग्नात जो शेला पांघरून मिरवलास, तो ह्याच मागावरचा. इसरला का? आणि तू रे, तुझ्या मायचं लुगडं कुठलं?" एकेकाचं नाव, एकेकाच्या घरचं कापड. कोंडाबाई सांगायची की पुढची माणसं खाली बघायला लागली, मागची ढकलत राहिली, आणि शेवटी सगळा लोंढा परत फिरला. पण तो घरी गेला नाही. वळसा घालून गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं शिरला. तिथं कुणी बसलेलं नव्हतं. वहिनी धावत पोहोचेपर्यंत रांजण फुटले होते, छपर पेटलं होतं, आणि चाँदचाचा रस्त्यात पडले होते. आठ दिवसांनी ते गेले. त्यांच्या घरची माणसं पुढं हैदराबादला निघून गेली, ती परत आली नाहीत.

दुसरं तोंड अडवायला किती माणसं लागली असती? पहिल्याला तीन पुरली, तीही बायामाणसं. पार्वती जायला तयार होती. मी गेलो असतो तर आमच्या शेजारचे दोघं माझ्या मागं आले असते, कारण ते फटीतून माझ्याच दाराकडं बघत होते, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

चार दिवस मी वहिनींना टाळलं. पाचव्या दिवशी त्या आडावर भेटल्या. मी एक खोटं तयार ठेवलं होतं. म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी मळ्यात गेल्तो..." त्यांनी मला पुढं जाऊ दिलं नाही. "असू द्या, भाऊजी. इब्राहिमभाईच्या मागाचा धोटा मोडलाय गडबडीत. सुताराला सांगाल का?" मी धावत गेलो. तिथून पुढं मी त्यांची सगळी कामं केली. विणकरांच्या कापडासाठी घरोघर फिरलो, गल्ली सोडून निघालेल्या दोन घरांना वेशीवरून परत आणलं, भारुडवाल्यांना पुन्हा उभं केलं. लोकांनी ते पाहिलं आणि त्यातून 'उजवा हात' तयार झाला. पार्वतीनं मात्र तो विषय कधी काढला नाही. त्या वर्षीच्या संक्रांतीला ती वहिनींकडं गेली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "कोणत्या तोंडानं जाऊ?" ती मरेपर्यंत गेली नाही. तिच्याकडून काही चुकलं नव्हतं.

शोकसभेनंतर चार दिवसांनी मी विणकर गल्लीत गेलो. इब्राहिमभाईंना जाऊन खूप वर्षं झाली. करीम आता पन्नाशीचा आहे, आणि त्याचा एक माग अजून चालतो. मला पाहून तो खड्ड्यातून उठायला लागला, मी त्याला थांबवलं आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "करीम, त्या दिवशी मी आलो नव्हतो. सभेत सांगितलं ते खोटं आहे."

"मालूम है ना, मास्तर. तुम्हाला ताप होता."

"कोण म्हणालं?"

"वहिनी. उंबऱ्यावर बसल्या बसल्या अब्बांना म्हणाल्या, मास्तर येणार होते, पण तापानं फणफणलेत, उठवत न्हाई. अब्बांनी त्या हालतीत पण नमाजात तुमच्यासाठी दुवा मागितली. मी बाजूलाच होतो."

बाहेर जमाव येत होता, आणि आत तो माणूस माझा ताप उतरावा म्हणून अल्लाकडं मागत होता... मी भिंतीला हात लावला. म्हणालो, "ताप नव्हता. मी घरात होतो. वहिनींना माहीत होतं. माझ्या चपला बाहेर होत्या."

करीमचा पाय मागाच्या पावडीवरच राहिला. तो माझ्याकडं बघत नव्हता, ताण्याच्या उभ्या धाग्यांकडं बघत होता. तसाच म्हणाला, "अब्बा न्हाईत हे बरं झालं." मग एक धागा सारखा करत, "मला तुम्ही सांगितलं, मास्तर. चाँदचाचाच्या घरच्यांना कोण सांगणार? त्यांचा तर पत्ता पण न्हाई कुणाकडं."

  मी जायला वळलो तर तो म्हणाला, "बसा. पाणी आणतो." मागाच्या शेजारी, भिंतीलगत, घोंगडीची चौपदरी घडी घातलेली होती. खोलीभर सुताच्या गुंड्या, नळ्या, कापडाची गाठोडी पसरलेली, पण त्या घडीवर काहीच ठेवलेलं नव्हतं. "तिथं बसा," करीम म्हणाला, "वहिनी दुपारी आल्या की तिथंच बसायच्या. गेल्या महिन्यात पण आल्त्या."

त्यानं तांब्या आणून दिला. मी उभ्यानंच पाणी प्यालो.